जिप्सी ४१० मध्ये १३०० चं इंजिन: नऊ महिने आणि ७,४०० किलोमीटरनंतर

गाडी १९९६ ची मारुती जिप्सी, एमजी ४१० डब्ल्यू. ९७० सीसीचं एफ१०ए इंजिन, कंपनीच्या हिशेबाने ४५ हॉर्सपॉवर, चार गिअर. जानेवारी २०२५ मध्ये घेतली तेव्हा पत्रा बरा होता, चेसिसला गंज नव्हता, फोर बाय फोर लागत होतं. इंजिन मात्र निळा धूर काढत होतं आणि हजार किलोमीटरला दीड लिटर ऑइल पीत होतं. आमचं जुनं घर घाटाखाली, पोफळीच्या अलीकडे. मी राहतो कराडात. म्हणजे महिन्यातून चार वेळा कुंभार्ली घाट उतरायचा आणि चढायचा. परत येताना हेळवाकपर्यंत ती दुसऱ्या गिअरमध्ये रडत यायची. मागे एसटी लागली की लाज वाटायची.

मिस्त्रींनी इंजिन उघडून दोन रस्ते सांगितले. हेच इंजिन करायचं: ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह ग्राइंड, नवी गॅस्केट. अंदाजे चाळीस हजार. नाहीतर दुसरं इंजिन टाकायचं. तोवर माझ्या डोक्यात दुसरं इंजिन बसलेलंच होतं. चाळीस हजार घालून पुन्हा ४५ च हॉर्सपॉवर, हे पचत नव्हतं.

पहिला मोह मारुती एस्टीमच्या इंजिनाचा. भंगारात एस्टीमची इंजिनं पडलेली असतात, तीही १२९८ सीसी, आणि मला एक अठरा हजारांत मिळत होतं. मिस्त्री हसले. “दादा, ते आडवं इंजान आहे. आडवं उभं करायचं म्हंजे पाटीपासून फाउंडेशनपर्यंत सगळं नवं बघा.” खरंच होतं. एस्टीम पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, तिचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसतं. जिप्सीत ते उभं, मागे लांब गिअरबॉक्स. ब्लॉकचं घराणं एकच, पण खालची ऑइलची पाटी, मॅनिफोल्ड (हवा-धुराचे फाटे), पाण्याचे पाइप, फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते माउंट, हे सगळं वेगळं. त्यातून एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवालं, उचललं तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), टाकीतला पंप आणि वायरिंगचं जाळंही आणावं लागतं. अठरा हजारांचं इंजिन बसेपर्यंत कितीला पडलं असतं, हा हिशेब मी केलाच नाही. बरं झालं.

डिझेलचाही विषय निघाला होता, शेजारच्या गॅरेजवाल्याकडून. त्यावर वेळ घालवत नाही. वजन सगळं पुढच्या पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, येतं, आणि जिप्सीच्या पाट्या आधीच माणसाच्या कमरेवर राग काढतात.

शेवटी १९९६ मध्येच आलेल्या जिप्सी किंगचं इंजिन ठरलं: जी१३बीए, १२९८ सीसी, कार्बोरेटरवालं, ६० हॉर्सपॉवर. मिस्त्रींची अट एकच, “एकटं आणू नका, जोडीनं आणा.” म्हणजे त्याच गाडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्सही सोबत. एका भंगारवाल्याकडे जोडी ४५ हजारांना मिळाली. सुरू करून दाखवलं नाही, कारण खाली उतरवून ठेवलेली होती. पण बॅटरी लावून स्टार्टरवर फिरवून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजू दिलं. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे आले. आकडा जास्त की कमी यापेक्षा चौघांत फरक किती, हे बघा. एक जरी सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असला तर सोडून द्या. टायमिंग बेल्ट आणि मागचं क्रँक सील मात्र न बघता बदलून घ्या. इंजिन बाहेर असताना जे काम दोनशे रुपयांचं असतं, तेच आत गेल्यावर दिवसाची मजुरी खातं.

बसवायला अकरा दिवस लागले. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) वेगवेगळे असतात, मध्ये एक आखूड शाफ्ट. नव्या गिअरबॉक्सला जुना शाफ्ट बसेना; तो लेथवर नेऊन कापून, क्रॉस (टोकाचा सांधा) बदलून, पुन्हा बॅलन्स करून आणला. सायलेन्सरचा पुढचा पाइप नव्याने वाकवला. क्लच प्लेट नवी. सगळं धरून ९२ हजार झाले. माझा अंदाज ५५ चा होता. बायकोला मी ६० सांगितलेत, तेव्हा हे वाचणाऱ्यांनी जपून बोलावं.

आता चालवण्याबद्दल, कारण बरेच जण एवढंच विचारतात.

घाटात फरक जमीन-अस्मानाचा आहे. जिथे दुसरा लागायचा तिथे तिसरा पुरतो. चार माणसं, मागे आंब्याच्या पेट्या, तरी वळणातून बाहेर येताना गाडी ओढते. पावसाळ्यात चिखलातून वर काढताना फोर बाय फोरच्या लो गिअरमध्ये अर्ध्या ॲक्सिलरेटरवर काम होतं. या एका गोष्टीसाठी नऊ महिने मी दर खेपेला खूश होतो, हे खोटं सांगणार नाही.

सपाट रस्त्यावर मात्र निराशा. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल ४१० चीच राहिली, आणि त्यांचे गिअर मुळात अशक्त इंजिनासाठी आखूड दिलेले, म्हणजे ओढ जास्त पण त्याच वेगाला इंजिनाचे फेरे जास्त. पाचवा गिअर टाकूनही हायवेवर ८० ला इंजिन एवढं ओरडतं की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी जावं लागतं. किंगचे ते भागही आणून टाकले तर आवाज उतरेल, पण मग उरलं काय ४१० चं? ॲव्हरेज आधी ११ च्या आसपास होतं, आता साडेनऊ ते दहा. ब्रेक तेच जुने. उतारावर हे विसरायला होतं आणि मग एकदम आठवतं.

तापण्याचा प्रसंग पूर्णपणे माझ्या कंजूषपणाचा. मिस्त्री म्हणत होते, रेडिएटर किंगचाच टाका. मी जुनाच साफ करून बसवायला लावला. एप्रिलमध्ये भर दुपारी घाट चढताना काटा वर गेला तो खाली येईना. थांबलो, बॉनेट उघडलं, हीटर पूर्ण चालू केला आणि अर्धा तास झाडाखाली बसलो. झाकण मात्र उघडलं नाही; ते उघडून हात भाजलेला माणूस आमच्या गल्लीत आहे. हेड गॅस्केट वाचली. पुढच्या आठवड्यात मोठा रेडिएटर आणि होस आले, साडेनऊ हजार. वरच्या ९२ मध्ये तेही धरलेत.

इथपर्यंत कुणालाही वाटेल की काम जमलं. मलाही वाटत होतं.

गाडीची आरसी जून २०२६ पर्यंत आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, हा नियम ठाऊक होता. पण पासिंगला इंजिन नंबर आणि चेसिस नंबर ताडून बघतात, हे मी ‘होईल काहीतरी’ या खात्यात टाकलं होतं. ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या चारचाकीची नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून दहा हजार झाली. त्याची चौकशी करायला आरटीओत गेलो आणि जाता जाता इंजिनचं विचारलं. समोरच्या माणसाने आरसीवरच्या ९७० वर बोट ठेवलं आणि म्हणाला, “सीसी बदलला म्हणजे गाडी बदलली.”

घरी येऊन मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलं, जे फेब्रुवारीत वाचायला हवं होतं. कंपनीने जे तपशील दिले त्यांच्याशी आरसीवरचे तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसाठी वाट ठेवली आहे, तीही अटींवर. इंजिन बदललं तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांना नाही म्हटलं आहे. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ९७० सीसीचंच दुसरं एफ१०ए आणलं असतं, पावतीसकट, तर निदान बोलायला तोंड होतं. १२९८ ला ते नाही. मारुतीतच मारुती घातली म्हणून काय झालं, हा माझा युक्तिवाद घरच्या चहापुरता ठीक.

पावतीचं तर विचारूच नका. भंगारवाल्याने लेटरहेडवर ‘जुना माल, एक नग’ असं लिहून दिलं होतं. त्यावर इंजिन नंबर नाही, ज्या गाडीतून काढलं तिचा नंबर नाही, ती आरसी रद्द झाल्याचा कागद नाही. उद्या ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर मी काय दाखवणार? विम्याच्या पॉलिसीवरही जुनाच इंजिन नंबर आहे. घाटात कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी आधी तोच नंबर बघेल, हे लक्षात आल्यापासून माझी गाडी चालवण्याची हिंमत निम्मी झाली. पीयूसी मात्र आरामात निघते! तिथे नळी सायलेन्सरमध्ये जाते, बॉनेट कुणी उघडत नाही. ‘पीयूसी निघते म्हणजे सगळं कायदेशीर’ असं सांगणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा.

काहींनी नंबर ‘करून’ देण्याचं सुचवलं. म्हणजे ब्लॉकवरचा घासून जुना ठोकायचा. यंत्राची हौस एवढी महाग पडू द्यायची नाही मला.

तर दिवाळीनंतर गोणपाटाखाली ठेवलेलं जुनं एफ१०ए बाहेर काढलं. ब्लॉक शाबूत, क्रँक एका साइजमध्ये ग्राइंड होऊन निभावतंय. सध्या ते बोअरवाल्याकडे आहे. फेब्रुवारीतला चाळीस हजारांचा अंदाज आता ४६ वर गेलाय. चार गिअरचा बॉक्स मी भंगारात दिला नव्हता, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्याकडून झालेली शहाणपणाची गोष्ट ती एवढीच. आखूड शाफ्ट मात्र कापलाय, तो दुसरा शोधावा लागेल. मोठा रेडिएटर तसाच ठेवणार. ९७० ला तो घाटात लाडच करील.

कुणी आज मला विचारलं, ४१० घेतोय, इंजिन खलास आहे, काय करू, तर मी सांगेन की तेच इंजिन करून घे आणि घाटात दुसऱ्या गिअरची सवय लाव. पिकअप हवाच असेल तर पहिल्यापासून किंग शोध, किंवा २००० नंतरची एमपीएफआय, आणि वरचे पन्नास-साठ हजार गाडीच्या किमतीत घाल. आरसीवर १२९८ छापून आलेलं असेल. जिप्सी बनणं २०१९ मध्ये थांबलं, त्यामुळे चांगली किंग महाग मिळते हे कबूल. पण माझी जोडीही काही स्वस्त पडली नाही.

१३०० ची जोडी विकायला काढल्याचं मिस्त्रींनी चार ठिकाणी सांगितलंय. आतापर्यंत तिघांचे फोन आले. एकाने कॉम्प्रेशन विचारलं, एकाने कार्बोरेटर, तिसऱ्याने शेवटची किंमत. कागद कुणीच विचारले नाहीत.