एक लाख डॉलरचं कव्हर, हातात 8,225

पुण्याहून किंवा नाशिकहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला मुलाकडे निघतात. तिकीट काढताना एजंट सहज म्हणतो, "काका, इन्शुरन्सही टाकून देतो. एक लाख डॉलरचं कव्हर आहे, बीपीच्या गोळीचं काही टेन्शन नाही." फसवणूक होते ती या दोन वाक्यांत. पॉलिसीच्या कागदावर यातलं काहीच खोटं लिहिलेलं नसतं, म्हणून पुढे भांडायलाही जागा राहत नाही.

अमेरिकेत भेटीला जाणाऱ्या अशा पाहुण्यांसाठीच्या विम्याचे मुख्य प्रकार दोन: फिक्स्ड बेनिफिट आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह. स्वस्त असतो तो पहिला. त्यात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम बांधलेली असते, बिल कितीही येवो. 'एक लाख' ही फक्त वरची कमाल मर्यादा. तिथपर्यंत पोहोचण्याआधी प्रत्येक ओळीवर वेगळं कुलूप असतं.

आकडे समजुतीपुरते घेऊ. मध्यरात्री पोटात दुखलं, इमर्जन्सी रूममध्ये नेलं, अपेंडिक्स निघालं, दोन दिवस राहावं लागलं आणि सगळं मिळून बिल आलं 45,000 डॉलर. फिक्स्ड पॉलिसीचं कोष्टक असं: इमर्जन्सी 350, सीटी स्कॅन 500, खोलीचे दिवसाला 1,500 म्हणजे 3,000, सर्जन 3,500, भूलतज्ज्ञ सर्जनच्या पाव म्हणजे 875. बेरीज 8,225. उरलेले 36,775 घरच्यांच्या डोक्यावर. हेच कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये 250 डिडक्टिबल (म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम) आणि पुढच्या 5,000 वर 20 टक्के असेल, तर खिशातून 1,250 जातात. बाकी सगळं पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत कंपनी देते, फक्त हॉस्पिटल नेटवर्कमधलं, म्हणजे कंपनीशी करार असलेलं हवं. दोन्ही पॉलिसींच्या पहिल्या पानावर मात्र तोच ठसठशीत 1,00,000 असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. 'शेड्यूल ऑफ बेनिफिट्स'चं, म्हणजे कशाला किती मिळतं त्या कोष्टकाचं पान उघडा. खोली, सर्जन, स्कॅन यांच्यासमोर 'पर डे', 'पर व्हिजिट' असे आकडे लिहिलेले दिसले, तर ती फिक्स्ड. डिडक्टिबलनंतर बिलाचे टक्के दिसले, तर कॉम्प्रिहेन्सिव्ह. कार्डावर 'पीपीओ' (डॉक्टर-हॉस्पिटलांचं नेटवर्क) छापलंय यावर जाऊ नका. फिक्स्ड पॉलिसीच्या कार्डावरही ते असू शकतं. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यातही साठीच्या पुढच्यांना आजारानुसार वेगळ्या मर्यादा लावलेल्या असू शकतात, तेव्हा तिथेही हेच पान आधी वाचायचं.

आता बीपीची गोळी, म्हणजे आधीपासूनचा आजार. यात अमेरिकेत राहणारी मुलंच जास्त फसतात. ओबामाकेअर या तिथल्या आरोग्यविमा कायद्यामुळे 2014 पासून त्यांच्या स्वतःच्या विम्यात जुन्या आजाराचं कारण सांगून कंपनीला हात वर करता येत नाहीत. आई-बाबांचा विमा त्या कायद्यात बसतच नाही, आणि हे कुणी सांगत नाही.  

पाहुण्यांच्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी सहसा एकच खिडकी उघडी असते: 'अॅक्यूट ऑनसेट', म्हणजे जुना आजार एकाएकी उसळणं. त्रास अचानक, कसलीही पूर्वसूचना नसताना झाला पाहिजे आणि साधारण 24 तासांत उपचार सुरू झाले पाहिजेत. अनेक पॉलिसींत ही सोय सत्तरीपर्यंतच असते आणि रक्कमही वेगळी, कमी. "चार दिवसांपासून छातीत जड वाटत होतं" असं इमर्जन्सीच्या नर्सने लिहून घेतलं की ती खिडकी बंद. पण म्हणून डॉक्टरांपासून काही लपवायचं, असं नाही. त्यात जिवाला धोका आहे. उलट पहिल्याच दिवशी दाखवायला न्या. क्लेम आल्यावर कंपनी भारतातल्या डॉक्टरांची मागच्या काही वर्षांची फाइल मागवू शकते, त्यामुळे लपवलेलं टिकतही नाही.

एजंटला तोंडी विचारू नका, ईमेल करा: फिक्स्ड की कॉम्प्रिहेन्सिव्ह, वयाप्रमाणे मर्यादा किती, अॅक्यूट ऑनसेट आहे का, किती वयापर्यंत. लेखी उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पॉलिसी घेऊ नका. आधीच घेतली असेल, तर ती सुरू होण्यापूर्वी रद्द केल्यास बहुधा पूर्ण पैसे मिळतात. नंतर क्लेम नसेल तर उरलेल्या काळाचे, शुल्क कापून.

प्रसंग आलाच तर जीव आधी. 1986 च्या कायद्यानुसार इमर्जन्सीतून पैशांअभावी परत पाठवता येत नाही. बिल माफ होतं असा त्याचा अर्थ नाही. ताप, खोकला, मुरगळणं यासाठी अर्जंट केअरला, म्हणजे किरकोळ त्रासासाठीच्या दवाखान्यात जा, तिथलं बिल बरंच कमी असतं. भरती झाल्यास कंपनीला लगेच कळवा. बऱ्याच पॉलिसींत 48 तासांच्या आत कळवलं नाही तर रक्कम कापली जाते. आणि काउंटरवर 'गॅरंटर' (बिलाची हमी घेणारा) लिहिलेल्या रकान्यात मुलगा किंवा सून घाईत सही करतात, ते टाळा. सही झाली की ते बिल त्यांच्या नावावर लागतं.

बिलंही एकदम येत नाहीत. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, रेडिओलॉजिस्टचं वेगळं, अॅम्ब्युलन्सचं तर महिन्याने. पहिल्या कागदावर पैसे भरू नका. 'आयटमाइज्ड', म्हणजे प्रत्येक खर्च वेगळा दाखवणारं बिल मागा आणि ओळ न् ओळ पाहा: इमर्जन्सीची पातळी 99281 ते 99285 अशा कोडने लिहितात, वरचा कोड म्हणजे जास्त पैसे. किरकोळ त्रासाला 99285 लावला असेल तर लेखी हरकत घ्या. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर 'फायनान्शियल असिस्टन्स'चा, म्हणजे बिलात सवलतीचा अर्ज मागा; पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत हॉस्पिटलला तो स्वीकारावा लागतो. पाहुण्यांना सवलत मिळेलच असं नाही, काही हॉस्पिटलं तिथला रहिवासी असण्याची अट घालतात. तरी अर्ज करा, आणि नाही मिळाली तर एकरकमी भरण्यावर सूट मागा. घासाघीस तिथेही चालते.

क्लेम नाकारला तर पॉलिसीतल्या कुठल्या कलमाखाली, ते लेखी घ्या आणि मुदतीत अपील करा. अमेरिकन पॉलिसीची तक्रार तिथल्या राज्याच्या विमा खात्याकडे जाते. भारतातली असेल तर आधी कंपनीकडे, मग 'बीमा भरोसा' या विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवर आणि शेवटी विमा लोकपालाकडे. एजंटचा तो ईमेल तिथे जोडायचा.