अधिवृक्क ग्रंथी: पोटाकडून काढावी की पाठीकडून?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकूंच्या डाव्या अधिवृक्क ग्रंथीत, म्हणजे मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या ग्रंथीत, ३ सेंटिमीटरची गाठ निघाली. त्यांनी दोन सर्जनना दाखवलं, दोघांनीही दुर्बिणीचंच ऑपरेशन सांगितलं. एकाने पोटाकडून, दुसऱ्याने पाठीकडून. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

पोटाकडची पद्धत १९९२पासून चालत आलेली. रुग्णाला कुशीवर झोपवतात. काम करायला ऐसपैस जागा मिळते, म्हणून मोठ्या गाठींना हीच बरी. पण डावीकडे प्लीहा आणि स्वादुपिंडाचं टोक सरकवावं लागतं, आणि आधी पोट उघडलेलं असेल तर आतडी चिकटलेली असू शकतात. तुमची दोन ऑपरेशनं झालीत, हे विसरू नका.

पाठीकडून करताना पालथं झोपवून बाराव्या बरगडीजवळ तीन छिद्रं पाडतात. पोटाची पोकळी उघडतच नाही. दोन्ही ग्रंथी काढायच्या असल्या तरी कूस बदलावी लागत नाही. जागा मात्र अरुंद. साधारण ६ सेंटिमीटरपुढची गाठ किंवा फार लठ्ठ शरीर असलं तर अवघड.

जाहिरातीतल्या 'लवकर घरी'कडे लक्ष देऊ नका. सर्जनने ती पद्धत किती वेळा केलीय, ते विचारा. त्याआधी हार्मोनच्या तपासण्या हव्यातच: फिओक्रोमोसायटोमा (अ‍ॅड्रेनलिनसारखी हार्मोन सोडून रक्तदाब भडकवणारी गाठ) निघाला तर ऑपरेशनपूर्वी एक-दोन आठवडे अल्फा-ब्लॉकर, म्हणजे रक्तदाब आवरणारं औषध, द्यावं लागतं.

लहान गाठ आणि पोटावर जुने टाके असतील तर पाठीकडून. मोठी गाठ असेल तर पोटाकडून. कर्करोगाची दाट शंका असेल तर बहुधा उघडं ऑपरेशनच. तुमच्यासाठी मला पाठीकडचं योग्य वाटतं, सर्जनचा हात त्यात बसलेला असेल तर.