पोकराचं अनुदान सगळ्यांना माहितीये, शेतीशाळेबद्दल कोणी बोलत नाही

हिंगोली जिल्ह्यातून लिहितोय, साडेतीन एकर कोरडवाहू, सोयाबीन तूर. आमचं गाव पोकराच्या, म्हणजे सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या, पहिल्या टप्प्यात होतं. आता दुसऱ्या टप्प्यात नवीन गावं आलीत आणि पाव्हणेरावळे फोन करून एकच विचारतात, काय काय मिळतं? म्हणून एकदाच नीट लिहितो.

आधी हे समजून घ्या की हा पैसा कुणी दान दिलेला नाही. पहिल्या टप्प्याचे साधारण 4,000 कोटी, त्यातले 2,800 कोटी जागतिक बँकेचं कर्ज, म्हणजे फेडणार आपलंच राज्य. त्यामुळं गावात आलंय तर पुरेपूर वापरा.

ठिबक, तुषार, शेततळं, शेडनेट, तुती सगळं आहे. पहिल्या टप्प्यात बहुतेक गोष्टींना 2 हेक्टरच्या आतल्याला 75 टक्के अनुदान होतं, 2 ते 5 हेक्टरवाल्याला 65 टक्के. पूर्वसंमती, मग खरेदी, मग मोका तपासणी म्हणजे जागेवर येऊन पाहणी, मग पैसे थेट खात्यात. पद्धत स्वच्छ आहे, मधला माणूस नाही, पण आधी पदरचे पैसे घालावे लागतात आणि तिथंच गरीब माणूस मागं राहतो. शेडनेटला लाखांत पैसा लागतो, दोन एकरवाल्यानं तो आणायचा कुठून? ही गोष्ट मला खरंच खटकते.

माझ्यासाठी सगळ्यात मोलाची निघाली ती शेतीशाळा, म्हणजे हातानं करून शिकवणारे शेतीचे वर्ग. 2020 च्या खरिपात तालुक्याच्या एका दुकानातून बियाणं आणलं होतं, निम्मं उगवलंच नाही, दुबार पेरणी करावी लागली, वर डीएपी खत मागितलं तर लिंकिंग, नको असलेली बाटली घ्याल तरच पोतं मिळेल म्हणे. त्या वर्षी सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर होत्या, नंतर शेतीशाळेत शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या की सोयाबीन सरळ वाणाचं आहे, संकरित नाही, एकदा चांगलं बियाणं घेतलं की घरचंच तीन वर्षं चालतं. ऐकून होतो, पण करायचं कसं ते तिथं हातानं करून बघितलं. मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवायचे, मिनिटाला 350 ते 400, नाहीतर दाणे फुटून डाळ होते, साल फार पातळ असते ना. पोती उंचावरून टाकायची नाहीत, थप्पी जास्त लावायची नाही. मे महिन्यात 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, 70 च्या वर मोड आले तर एकरी 30 किलो बिनधास्त पेरा, कमी आले तर त्या हिशोबानं बियाणं वाढवा. माझे पहिल्याच वर्षी 84 आले, दोनदा मोजले मी!

दुसरं बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरी पद्धतीची पेरणी. मूळ काम हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेचं, आपल्या काळ्या जमिनीसाठीच केलेलं. रुंद वरंब्यावर सोयाबीनच्या चार ओळी आणि दोन्ही बाजूला सरी, जास्त पाऊस झाला तर पाणी सरीतून निघून जातं आणि पावसाचा खंड पडला तर ओल टिकते. बियाणं एकरी 22 किलोच्या आसपास लागतं. 2023 चा ऑगस्ट जवळपास कोरडा गेला तेव्हा बांधापलीकडचं सपाट पेरलेलं दुपारी माना टाकायचं, माझं संध्याकाळपर्यंत उभं असायचं. उतारा काय फार मोठा आला नाही पण पीक हातचं गेलं नाही. पेरणीचं बीबीएफ यंत्र शेतकरी गटाच्या अवजार बँकेतून भाड्यानं घेतलं, फक्त नंबर आधी लावा, पेरणीच्या आठवड्यात सगळे एकदमच मागतात. आणि ड्रायव्हर नवा असला तर पहिल्या दोन तासांना स्वतः मागं चाला, दाणा खोल पडला की संपलं.

शेतीशाळेला 5 पैकी 5, अनुदानाला साडेतीन.

यंदा भावकीतल्या तीन घरांनी माझ्याकडून बियाणं नेलं, तिघांनाही आधी गोणपाट भिजवायला लावलं.