दर डावाला टोकन की एकदाच प्रवेश शुल्क?

गेम पार्लरमध्ये दोन पद्धती दिसतात: दर डावाला टोकन टाका, किंवा दारात एकदाच पैसे भरून हवं तितकं खेळा.

१९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स, १९८० चा पॅक-मॅन हे खेळ नाण्यावर चालण्यासाठीच घडवलेले. डाव कठीण होत जातो, म्हणजे पुढच्याची पाळी लवकर येते. टोकन पद्धतीत म्हणूनच प्रत्येक जीव मोलाचा वाटतो, तळहात घामेजतात, मागे उभे असलेलेही श्वास रोखून बघतात. ही मजा अस्सल आहे. पण नवख्याचा डाव मिनिटभरात आटोपतो आणि तो पुन्हा फिरकत नाही.

एकरकमी प्रवेशात नवखा बिनधास्त हरतो, अनोळखी मशीनही हाताळून बघतो. पालकांना सारखं पाकीट काढावं लागत नाही. तोटा एवढाच की आवडत्या मशीनला चिकटलेला माणूस हलत नाही. तिथे ‘हरलात की पुढच्याला जागा द्या’ अशी पाटी हवीच.

माझं मत एकरकमीच्या बाजूने. मात्र जॉयस्टिक अडकत असेल, बटणं नीट लागत नसतील, तर कुठलीही पद्धत असो, गिऱ्हाईक चिडणारच. आणि मशीनने गिळलेलं टोकन काउंटरवर वाद न घालता परत मिळायला हवं.