लेझर पॉइंटरचा ठिपका पसरला की ‘डायोड गेला’ सांगून पैसे काढतात, सावध राहा

आकाशदर्शनाला वापरायचा हिरवा पॉइंटर एक दिवस नीट दिसेनासा होतो. ठिपक्याभोवती धुरकट वलय येतं, एका बाजूला शेपटी फुटते. माणूस तो घेऊन दुरुस्तीच्या काउंटरवर जातो. तिथला माणूस बटण दाबून भिंतीवर ठिपका बघतो आणि सांगतो, ‘डायोड (लेझरचा प्रकाश तयार करणारा आतला भाग) गेलाय, बदलावा लागेल. सहाशे रुपये.’ पॉइंटर आत जातो आणि दहा मिनिटांत परत येतो. ठिपका बारीक झालेला असतो, शिवाय आधीपेक्षा झगझगीतही. पैसे देणारा खूश. महिनाभरात पॉइंटर कायमचा बंद पडतो आणि उत्तर मिळतं, ‘चायनीज माल आहे, आम्ही काय करणार?’

आत काय होतं ते सांगतो. लेन्स पुसली जाते, तिची रिंग अर्धा आटा फिरवून फोकस जुळवला जातो. इतकं केल्यावर ठिपका पूर्ववत होतो, पण त्याचे सहाशे कोणी देणार नाही. म्हणून बऱ्याच स्वस्त पॉइंटरच्या सर्किटवर करंट कमी-जास्त करणारा जो छोटा स्क्रू, म्हणजे ट्रिमर असतो, तो स्क्रू-ड्रायव्हरने थोडा वाढवला जातो. डायोडला जादा करंट मिळतो, प्रकाश वाढतो आणि ‘नवीन डायोड’ पटतो. जुनाच डायोड झेपेल त्यापेक्षा जास्त करंटवर चालतो, तापतो आणि जळतो. लाल पॉइंटर असा जळाला की बटण दाबल्यावर साध्या एलईडीसारखा मिणमिणता उजेड येतो, शलाका येत नाही. म्हणजे पैसे गेले आणि चांगला पॉइंटरही गेला.

एक फरक पक्का लक्षात ठेवा. डायोड म्हातारा झाला की प्रकाश मंद होतो. ठिपका धूसर होतो तो बहुतेक वेळा लेन्समुळे. मंद आणि धूसर या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ठिपका पसरलाय पण एकूण उजेड तेवढाच आहे, तर डायोडला हात लावायचं कारण नाही.

दुकानात जाण्याआधी घरीच तपासा. पाच मीटरवर पांढरा, चकाकी नसलेला कागद चिकटवा आणि ठिपक्याचा फोटो काढून ठेवा. पुढे टोपी लावलेली असेल तर आधी ती काढा. ‘३०३’ नावाने मिळणाऱ्या पॉइंटरच्या टोपीत भिंतीवर चांदण्या पाडणारी जाळी असते. ती अर्धवट बसली की शलाका विखुरते आणि लोक त्यालाच बिघाड समजतात. मग बॅटरी मोजा. १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) पूर्ण चार्ज झाल्यावर मल्टिमीटरवर ४.२ व्होल्टच्या आसपास दिसला पाहिजे. दोन एएए सेलवर चालणाऱ्या पेनमध्ये १.२ व्होल्टचे रिचार्जेबल सेल टाकले तर एकूण २.४ व्होल्टच मिळतात. त्याने उजेड मंदावतो, पण तो डायोडचा दोष नाही.

आता खरी परीक्षा. पॉइंटर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर घट्ट ठेवा आणि फक्त लेन्सची रिंग पाव आटा फिरवा. ठिपका थोडा लहान-मोठा होईल, तिकडे लक्ष देऊ नका, शेपटी बघा. शेपटी रिंगबरोबर फिरली तर घाण किंवा ओरखडा लेन्सवर आहे. शेपटी जागेवरच राहिली तर दोष आत आहे. हिरव्या पॉइंटरमध्ये एका ठिपक्याचे दोन तुकडे दिसत असतील तर हिरवा प्रकाश बनवणारे आतले क्रिस्टल हलले असण्याची शक्यता असते, आणि ते पुसून सुटत नाही.

सफाईआधी बॅटरी काढाच. शलाका चालू असताना लेन्समध्ये डोकावायचं नाही, एकदाही नाही. टॉर्च तिरका धरून लेन्स बघा. बोटाचा ठसा तेलकट इंद्रधनुष्यासारखा दिसतो, धूळ टिपक्यांसारखी. आधी कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने धूळ उडवा. तोंडाने फुंकलं की थुंकीचे शिंतोडे बसतात. मग लेन्स टिश्यूच्या घडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब घ्या आणि एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे एकदाच ओढा. ती घडी पुन्हा वापरू नका. पुसल्याच्या रेघा राहिल्या तर त्यांच्या काटकोनात ठिपक्याला शेपटी फुटते, त्यामुळे शेपटीच्या दिशेवरून रेघ कुठे राहिली ते कळतं. लेन्स काचेची की प्लॅस्टिकची हे कळत नसेल तर प्लॅस्टिकचीच समजा आणि अल्कोहोलऐवजी डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एक थेंब घ्या. नेलपेंट रिमूव्हर किंवा थिनरने प्लॅस्टिक लेन्स कायमची पांढुरकी होते. सॅनिटायझरमधलं ग्लिसरीन मागे चिकट थर ठेवतं. शर्टाच्या टोकाने तर मुळीच पुसू नका.

रिंग काढायची असेल तर आधी तिच्या आणि नळीच्या कडेवर मार्करने एक सरळ खूण करा आणि आटे मोजत काढा. पुष्कळ मॉड्यूलमध्ये हे आटे अर्धा मिलिमीटर अंतराचे असतात, म्हणून पाव फेरीनेही फोकस बदलतो. पावसाळ्यात लेन्सच्या आतल्या बाजूला दमट वाफ धरते. रिंग काढून रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

दूरवर ठिपका मोठा होणं हा बिघाडच नाही. शलाका एक मिलिरेडियनने, म्हणजे दर मीटरला एक मिलिमीटर, पसरत असेल तर शंभर मीटरवर ठिपका दहा सेंटिमीटरने वाढणारच. ‘पसरतोय, लेन्स बदलू’ असं म्हणणाऱ्याला हा हिशेब विचारा.

‘क्रिस्टल साफ केला’ या नावाखाली पैसे मागितले तर सरळ नकार द्या. हिरव्या पॉइंटरमध्ये ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा डायोड एका क्रिस्टलला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश निघतो आणि दुसरा क्रिस्टल त्याचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा करतो. स्वस्त पॉइंटरमध्ये हे दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटवलेले, जेमतेम मिलिमीटरभराचे असतात. काउंटरमागे कोणी ते उघडून पुसत नाही.

याच कारणामुळे करंट वाढवणं हा पैशांपेक्षा डोळ्यांचा प्रश्न आहे. अनेक स्वस्त पॉइंटरमध्ये अदृश्य अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टरच नसतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांच्या सरकारी संस्थेने १२२ पॉइंटर तपासल्याचा निष्कर्ष २०१३ साली मांडला, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसले नाहीत; दिसणाऱ्या प्रकाशाला तिथे पाच मिलिवॉटची मर्यादा आहे. लेबलवर मात्र ‘५ मिलिवॉटपेक्षा कमी’ असंच छापलेलं असतं. असा पॉइंटर ‘ब्राइट करून’ परत आला तर तो मुलांच्या हाती देऊ नका.

चांगला सेल काढून बनावटही घालतात. ९९०० एमएएच (सेलची क्षमता) लिहिलेला १८६५० दिसला तर तो बनावट आहे. खरा सेल साधारण ३५०० पर्यंतच जातो आणि काट्यावर पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. बनावट हातातच हलका लागतो.

दुरुस्तीला द्यायचाच असेल तर झाकणाच्या आत मार्करने छोटी खूण करा, ठिपक्याचा फोटो दाखवा आणि बिलावर ‘डायोड बदलला’ असं लिहून मागा. जुना डायोड परत मागा. सुटा असेल तर तो तीन पायांचा, साधारण साडेपाच मिलिमीटर व्यासाचा धातूचा डबा असतो. तो देता येत नसेल तर पैसे देऊ नका. बिल आणि फोटो हाताशी असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.