माझे म्हणून मिळालेले, पण माझ्या नावावर नसलेले खाते

नव्या देशात पोहोचल्यानंतर चौथ्याच दिवशी मी एका माणसाला माझ्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत पाठवली. पासपोर्ट हातात धरून काढलेला माझा फोटोही सोबत पाठवला. त्या बदल्यात मला खाते क्रमांक, कार्ड आणि फोनवरचे एक ॲप मिळाले. ते खाते कोणत्याही बँकेत माझ्या नावावर नव्हते, हे कळायला अडीच महिने लागले. तोपर्यंत माझा दुसरा पगार आणि घराच्या अनामत रकमेसाठी मायदेशातून मागवलेली बचत त्यात जाऊन बसली होती.

ही हकीकत सविस्तर लिहिते आहे, कारण तो माणूस ज्या अडचणीच्या क्षणी माझ्यासमोर आला, तो क्षण परदेशात नोकरीसाठी येणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येतो. घरमालकाला अनामत रक्कम त्याच देशातील खात्यातून हवी होती. बँकेला पत्त्याचा पुरावा म्हणून त्याच घराचा भाडेकरार हवा होता. आणि कार्यालयाच्या लेखा विभागाने कळवले होते की, पंधरा तारखेच्या आत खाते क्रमांक दिला नाही, तर पगार पुढच्या महिन्यात जमा होईल. मी दोन बँकांमध्ये जाऊन आले. एकीने तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली आणि दुसरीने भाडेकरार घेऊनच या, असे सांगितले. त्या वेळी मला दोन्ही बँकांचा राग आला होता. आज मात्र त्या नियमानेच वागत होत्या, हे मला मान्य आहे. काळ्या पैशाला आळा घालण्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कृती दलाच्या शिफारशी बहुतेक देशांनी आपापल्या कायद्यांत आणल्या आहेत, आणि त्यांनुसार बँकेला ग्राहकाची ओळख पटवावीच लागते. मला ज्या चौकशीचा त्रास वाटत होता, ती चौकशी न होणे हीच धोक्याची खूण आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

त्या माणसाचा क्रमांक मला एका सहकारी मैत्रिणीने दिला होता. तिने त्याच्यामार्फत काही आठवड्यांपूर्वी खाते उघडले होते आणि ते व्यवस्थित चालू होते. त्यामुळे तिच्या शब्दावर शंका घेण्याचे काही कारण नव्हते. तो मराठीत बोलला. "ताई, बँकेत खेटे घालत बसाल तर महिना जाईल. मी उद्या संध्याकाळपर्यंत खाते चालू करून देतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही," असे त्याने सांगितले. परक्या देशात, चार दिवस प्रत्येक कार्यालयात अडखळत बोलल्यानंतर, आपल्या भाषेत कोणी 'ताई' म्हटले की मन किती चटकन सैल पडते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल. त्याने सेवाशुल्क मागितले तेही फार नव्हते. मोठी रक्कम मागितली असती, तर कदाचित मी थांबून विचार केला असता.

त्याने काय मागितले, याइतकेच त्याने काय विचारले नाही, हेही महत्त्वाचे आहे. पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवतानाचा छोटा व्हिडिओ, एवढे त्याने घेतले. परंतु मी कोणत्या देशात कर भरते, माझा करदाता क्रमांक कोणता, पगार कोणत्या संस्थेकडून येणार, यांपैकी एकही प्रश्न ना त्याने विचारला, ना त्या ॲपने. करविषयक माहितीच्या देवाणघेवाणीसाठी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१४ मध्ये एक समान मानक ठरवले. ते स्वीकारलेल्या शंभरहून अधिक देशांत आणि प्रदेशांत नवे खाते उघडताना ग्राहकाकडून कर-निवासाविषयी स्वतःच्या सहीचे निवेदन घेतले जाते. पुढे खऱ्या बँकेत खाते उघडले तेव्हा तो अर्ज समोर आला, आणि आधी हा प्रश्न आपल्याला कोणीच विचारला नव्हता, हे आठवून मी खुर्चीवर तशीच बसून राहिले.

मला मिळालेला खाते क्रमांक आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक, या स्वरूपाचा होता. या क्रमांकाची पहिली दोन अक्षरे देश सांगतात आणि पुढचे दोन अंक पडताळणीचे असतात. माझ्या क्रमांकाची पहिली दोन अक्षरे मी राहत होते त्या देशाची नव्हती. मी विचारले तेव्हा त्याने सांगितले की, बँकेचे मुख्यालय दुसऱ्या देशात असले की असे होते. हे उत्तर पूर्णपणे खोटे नव्हते आणि म्हणूनच मी त्यावर विसंबले. मग मी तो क्रमांक एका पडताळणी साधनात टाकून पाहिला आणि तो 'वैध' असल्याचे उत्तर आले. हे साधन क्रमांकाची जुळणी ९७ ने भागून तपासते, म्हणजे लिहिताना एखादा अंक चुकला असेल तर तेवढे सांगते. ते खाते कोणाच्या नावावर आहे, हे त्याला ठाऊक नसते. क्रमांक बरोबर असणे आणि खाते आपले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढा साधा भेद मी त्या दिवशी केला नाही.

पहिला पगार वेळेवर जमा झाला. कार्ड दुकानात चालले आणि त्यातूनच मी तात्पुरत्या खोलीचे भाडेही भरले. त्या एका महिन्याने माझा विश्वास पक्का केला. अखेर घर ठरले, तेव्हा अनामत रकमेसाठी मी मायदेशातून बचत मागवली. पाठवताना बँकेने लाभार्थ्याचे नाव विचारले आणि मी माझे नाव लिहिले. पैसे अडले नाहीत. नाव आणि क्रमांक जुळतात का, हे पाहण्याची सोय सगळीकडे नसते. ब्रिटनमधील मोठ्या बँकांनी ती २०२० मध्ये सुरू केली आणि युरो वापरणाऱ्या देशांत ती ९ ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक झाली. इतर अनेक मार्गांनी पाठवलेली रक्कम आजही केवळ क्रमांकावर जमा होऊ शकते.

बचत आणि दुसरा पगार जमा झाल्यावर तिसऱ्या दिवशी ॲप उघडेना. 'पडताळणी सुरू आहे' एवढेच वाक्य पडद्यावर दिसत होते. मी पुन्हा पासपोर्टची प्रत पाठवली, पुन्हा व्हिडिओ पाठवला. आठवड्याने त्या माणसाचा फोन बंद झाला. क्रमांकावरून ते खाते ज्या संस्थेकडे होते तिचा शोध घेऊन मी तिला लिहिले, तेव्हा तिचे उत्तर मोजक्या शब्दांत आले. माझ्या नावाची कोणतीही व्यक्ती त्यांची ग्राहक नव्हती. त्यांची ग्राहक एक व्यापारी कंपनी होती, त्या कंपनीच्या एकाच मुख्य खात्याला अनेक क्रमांक जोडलेले होते आणि माझ्याकडचा क्रमांक त्यांपैकी एक होता. मुख्य खात्यातील रक्कम कंपनीने काढून घेतली होती. ती संस्थाही बँक नव्हती. तिच्याकडे इलेक्ट्रॉनिक पैसे, म्हणजे ॲप किंवा कार्डात साठवून खर्च करता येणारी रक्कम, जारी करण्याचा परवाना होता.

अशा क्रमांकांना व्हर्च्युअल आयबॅन म्हणतात आणि ते स्वतः बेकायदा नसतात. मोठ्या कंपन्या आपल्याकडे येणारी रक्कम कोणत्या गिऱ्हाइकाकडून आली, हे ओळखण्यासाठी ते वापरतात. मात्र ते हातात पडलेल्या सामान्य माणसाला खाते आपलेच वाटते. मे २०२४ मध्ये युरोपीय बँकिंग प्राधिकरणाने या क्रमांकांवर स्वतंत्र अहवाल काढून त्यांतील धोके नोंदवले. माझ्या हाती तो अहवाल आला, तेव्हा पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते.

इथे एक गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण फसवणारा कोणी नसतानाही ती माणसाला अडचणीत आणते. परवानाधारक बँकेतील ठेवीला ठेव-विम्याचे संरक्षण असते. युरोपीय संघात ते प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे १,००,००० युरोपर्यंत मिळते आणि अमेरिकेत २,५०,००० डॉलरपर्यंत. इलेक्ट्रॉनिक पैशाच्या संस्थेला ग्राहकांची रक्कम वेगळी राखावी लागते, पण त्या रकमेला हा विमा लागू नसतो. जून २०२० मध्ये वायरकार्ड ही जर्मन कंपनी कोसळली, तेव्हा तिच्या ब्रिटिश उपकंपनीच्या आधारावर चालणाऱ्या अनेक ॲपच्या ग्राहकांची कार्डे काही दिवस बंद पडली. त्या ग्राहकांपैकी कित्येकांना वायरकार्डचे नावही ठाऊक नव्हते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत सिनॅप्स ही ॲप आणि बँका यांच्यामधली मध्यस्थ कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तांनी ग्राहकांची येणी आणि बँकांमध्ये प्रत्यक्ष असलेली रक्कम यांत ६.५ ते ९.६ कोटी डॉलरची तफावत असल्याचा अंदाज दिला. ठेव-विमा तिथे उपयोगी पडला नाही, कारण बुडालेली कंपनी बँक नव्हती. 'तुमचे पैसे परवानाधारक बँकेत ठेवले जातात' हे वाक्य अशा ॲपच्या जाहिरातीत वारंवार आढळते. ते वाचताना मला आता एकच प्रश्न पडतो: कोणाच्या नावावर?

पैसे गेल्याचे दुःख मोठे होते, पण चार महिन्यांनी आलेल्या पत्राने त्याहून मोठी भीती दाखवली. ज्या बँकेत मी कधी पाऊल टाकले नव्हते, तिने कळवले की माझ्या नावावरील खात्यात संशयास्पद रकमा आल्याने ते गोठवण्यात आले आहे. माझा पासपोर्ट, माझा फोटो आणि मान वळवतानाचा तोच व्हिडिओ वापरून कोणीतरी ते खाते उघडले होते, आणि इतर फसवलेल्या माणसांचे पैसे त्यातून पुढे गेले होते. म्यूल खाते म्हणतात ते हेच. जे खाते मी माझे समजत होते ते माझे नव्हते, आणि जे मला ठाऊकच नव्हते ते कागदोपत्री माझे होते. परदेशात राहण्याचा परवाना ज्याच्या चारित्र्यावर अवलंबून असतो, त्याच्यासाठी या पत्राचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. मी पोलिसांत आधीच तक्रार दिली होती आणि तिच्या प्रतीवर तारीख होती. त्या एका कागदाने मला वाचवले. पैसे परत मिळण्याची आशा नाही म्हणून तक्रार देऊन काय उपयोग, असे मला काहींनी सुचवले होते. ते मी ऐकले नाही, हे माझे भाग्य.

सर्वांत जास्त सल मात्र वेगळाच आहे. झाला प्रकार मी कार्यालयात सांगितला, तेव्हा मनुष्यबळ विभागातील बाईंनी शांतपणे विचारले, "तुम्ही आधी आमच्याकडे का आला नाहीत?" नोकरीचा आणि तात्पुरत्या निवासाचा दाखला ते बँकेच्या नावे लिहून देतात आणि पहिल्या महिन्याची उचलही देतात. मी लाजेपोटी विचारले नव्हते, कारण नव्या जागी पहिल्याच आठवड्यात पैशाची अडचण सांगणे मला कमीपणाचे वाटले. तशीच दुसरी गोष्ट कायद्याची. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार तिथे कायदेशीरपणे राहणाऱ्या व्यक्तीला मूलभूत खाते मिळण्याचा हक्क आहे. कायमचा पत्ता नसलेल्यांनाही तो लागू आहे, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेला निर्णय द्यावा लागतो. खिडकीवरचा कर्मचारी हे आपणहून सांगेलच असे नाही. 'मूलभूत खाते' हा शब्द त्या देशाच्या भाषेत शिकून आपण तो उच्चारावा लागतो. इतर देशांत नियम वेगळे असतात, परंतु नवख्यांसाठी काही सोय आहे का, हे नियामकाच्या संकेतस्थळावर पाहायला अर्धा तास पुरतो.

आता कोणी मला खात्याविषयी विचारले, तर मी त्याला प्रथम त्या देशाच्या नियामकाची नोंदवही उघडायला लावते. त्या संस्थेचे नाव तिथे बँक म्हणून नोंदलेले आहे की पैसे पाठवणारी संस्था म्हणून, हे पाहायचे. नाव सापडले तरी तिथेच थांबायचे नाही, कारण ठग खऱ्या संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक जसाच्या तसा वापरतात. म्हणून नोंदवहीत दिलेल्या दूरध्वनीवर आपण स्वतः फोन करायचा आणि ज्याने आपल्याशी संपर्क साधला तो त्यांचाच माणूस आहे का, हे विचारायचे. पगार येण्यापूर्वी खात्याचे असे विवरणपत्र मागायचे, ज्यावर खातेदार म्हणून आपले पूर्ण नाव आणि खाते ठेवणाऱ्या संस्थेचे नाव छापलेले असेल. मी हे विवरणपत्र मागितले असते, तर त्या माणसाला ते देता आले नसते. पगारासाठी ॲपचे खाते घ्यावेच लागले, तर महिन्याच्या खर्चापुरती रक्कम त्यात ठेवावी. बचत आणि घराची अनामत त्यात आणू नये.

आणि ज्यांनी अशी कागदपत्रे कोणाला आधीच दिली आहेत, त्यांनी पैसे गेलेले नसले तरी वाट पाहू नये. पोलिसांकडे तारखेनिशी तक्रार नोंदवावी, दूतावासाला कळवून पासपोर्ट बदलण्याविषयी विचारावे आणि त्या देशात पत-अहवालाची सोय असेल तर तो मागवून आपल्या नावावर अनोळखी खाते किंवा कर्ज आहे का, हे पाहावे. माझ्या नावावरच्या त्या दुसऱ्या खात्याची चौकशी सात महिने चालली आणि शेवटी बँकेने मला निर्दोष ठरवल्याचे लेखी दिले. त्या पत्राची प्रत मी पासपोर्टसोबत ठेवते. बुडालेला पगार आणि बचत यांपैकी काहीही परत मिळालेले नाही. माझ्या मैत्रिणीचे खाते माझ्यानंतर नऊ दिवसांनी बंद पडले.