नळाची जाळी आणि बीएलडीसी फॅन, वर्षभर वापरून सांगतोय

आमचं घर बेळगावात, वडगावला. राकसकोप आणि हिडकल या दोन्ही धरणांकडून शहराला पाणी येतंय, काही वॉर्डात 2008 पासून चोवीस तास आहे, पण आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी. वर 1000 लिटरची टाकी, घरात सहा माणसं, चौथ्या दिवशी दुपारी नळातनं फुस्स आवाज यायचा आणि मग आईची शेजारी घागर घेऊन फेरी. ते बघवत नव्हतं म्हणून ही सगळी खटपट.

आधी जाळीचं सांगतो. नळाच्या तोंडाला फिरवून बसवायची छोटी जाळी असते, पाण्यात हवा मिसळते, धार जाड दिसते पण पाणी कमी पडतंय. खडेबाजारात 120 रुपयाला मिळाली. बसवायच्या आधी मोबाईलवर टाइम लावून मोजलं, एक लिटरचा तांब्या 5 सेकंदात भरत होता म्हणजे मिनिटाला 12 लिटर. जाळी लावल्यावर तोच तांब्या 12 सेकंद घेतोय, म्हणजे 5 लिटर. भांडी धुताना नळ दिवसाला धरा दहा मिनिटं चालू, 120 च्या जागी 50 लिटर, पाच दिवसात 350 लिटर वाचलं की! आता पाचव्या दिवशी सकाळी टाकी बघितली तर तळाला वीतभर पाणी असतंय. आई पहिल्या दिवशी म्हणाली धारेला जोर नाही, पण शिंतोडे उडत नाहीत, साडी भिजत नाही म्हटल्यावर आता काढू देत नाही.

पण एक लक्षात घ्या, बादली भरायच्या नळाला लावू नका. बादलीला लागायचं तेवढं पाणी लागणारच, उगीच उभं राहायला लागतंय. मी हौसेनं बाथरूमला पण लावलेली, आठवड्यात काढली. आणि टाकी नळापासून फार उंचावर नसेल, म्हणजे नळ वरच्या मजल्यावर असेल, तर धार अगदीच बारीक होते. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की जाळीत बारीक वाळू अडकते, महिन्यातनं एकदा काढून जुन्या ब्रशनं घासायची. बोअरचं पाणी असेल तर पांढरा थर बसतोय, रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकून ठेवा, निघून जातंय.

आता फॅन, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंत विजेचं बिल माफ, पण प्रत्येकाची मर्यादा 2022-23 च्या वापरावरनं ठरलेली, आणि 200 च्या वर गेलं की पूर्ण बिल भरायला लागतंय. गेल्याच्या गेल्या एप्रिलला आमचे 203 युनिट आले. तीन युनिटसाठी सगळं बिल! जीव हळहळला अगदी. मग हॉल आणि बेडरूमचे दोन फॅन बदलून बीएलडीसी घेतले, एक 2900 ला पडला. जुना 75 वॉट खात होता, हा फुल स्पीडला 28. हॉलचा दिवसाला 14 तास फिरतोय, त्याचेच महिन्याला 20 युनिट वाचतात, बेडरूमचे 11. यंदा एप्रिलला 174 आले आणि बिल शून्य. वारा जुन्याएवढाच आहे, आवाज नाही, आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टर पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतोय, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं सुख कारण बाबांना उकाडा सोसत नाही.

बसवताना मात्र घोळ झाला. जो वायरमन आला त्यानं भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच ठेवून जोडला, फॅन थरथरायचा, मधेच थांबून परत फिरायचा, मला वाटलं मालच खराब. दोन दिवसांनी दुसऱ्या वायरमन अण्णांना बोलावलं, त्यांनी रेग्युलेटर काढून सरळ स्विचला जोडला आणि तिथंच ठीक झालं. तेव्हा बसवणाऱ्याला आधीच सांगा. स्पीड रिमोटवर असतंय, रिमोट पोरं कुठंतरी टाकतात, आम्ही भिंतीला खिळ्यावर डबी लावून त्यातच ठेवतो.

खिशात थोडेच पैसे असतील तर आधी स्वयंपाकघराच्या नळाची जाळी घ्या, मग जिथला फॅन जास्त वेळ फिरतो त्या खोलीसाठी एक फॅन. दिवसातनं दोन तास फिरणाऱ्या फॅनला एवढे पैसे घालू नका, वसूल व्हायला वर्षानुवर्षं जातील, आमच्या देवघराकडचा जुनाच आहे अजून. आणि जाळी आणायला जाताना नळाचं तोंड काढून बरोबर घेऊन जा, काहीला आटे आतनं असतात काहीला बाहेरनं, मी अंदाजानं आणलेली पहिली बसलीच नाही.